हातांना नावं देणाऱ्या मॅडम

इनामदार मॅडमच्या ओपीडीत ‘बिचारं’ म्हणायला बंदी होती. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. नगरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नवीनच लागले होते. पहिल्याच आठवड्यात पाथर्डीकडचं एक जोडपं तान्हं बाळ घेऊन आलं. बाळाच्या उजव्या हाताला बोटं नव्हती. तळव्याच्या कडेला वाटाण्यांएवढे गोळे होते, इतकंच. माझ्या तोंडून निघून गेलं, “अरेरे, बिचारं.”

मॅडमनी मान वर केली. आईबापांच्या समोर मला म्हणाल्या, “बिचारं? हा कुठला प्रकार? पुस्तकात दाखवा बरं मला.”

मी टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं.

“नाही ना सापडत? मग तो शब्द बाहेर ठेवून या. आणि येताना भिंग आणा.”

भिंग आणलं. त्यांनी माझी मान धरल्यासारखी खाली वाकवली आणि ते गोळे दाखवले. प्रत्येकावर तांदळाच्या कणीएवढं नख होतं. “नख आहे, म्हणजे बोट यायला निघालं होतं आणि वाटेत थांबलं. नख नसतं आणि टोकाला वण असता, तर बोट आलं होतं आणि पोटातच दोऱ्यासारख्या पडद्यानं कापलं गेलं, असं समजायचं. दोन्ही हात लांबून सारखेच दिसतात. उपाय वेगळे. तुम्ही हळहळत बसलात की दोन्ही सारखेच होऊन बसतात.”

बाळाची आई रडत होती. तिच्याशी मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत.

डॉ. तहसीन इनामदार या हाताच्या सर्जन. त्यातही जन्मजात व्यंग असलेले हात हा त्यांचा विषय. कोपरापासून पुढचं एक हाड नसलेले, मनगटाशी काटकोनात वळलेले, बोटं चिकटलेली, बोटं जास्त, अंगठा नाही. असे हात फार कमी जन्माला येतात, पण जे येत ते फिरून फिरून अखेर त्यांच्याकडे येत. बाई ठेंगण्या, अंगाने सुकलेल्या. हात मात्र त्या अंगाला न शोभणारे मोठे. मुलाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात चोळून गरम करायच्या. मुलं त्यांना घाबरत नसत. घाबरत ते आईबाप.

माणसाचं तोंड त्या शेवटी बघत. फोनवर कुणी नाव सांगितलं तर ओळख पटायची नाही. “डावा, चौथा प्रकार,” असं सांगितल्यावर मग सगळं आठवायचं. एकदा बाजारात एक तरुण पेरू तोलत होता. मॅडमनी तागडीवरचा त्याचा हातच धरला. तो दचकला. त्या म्हणाल्या, “हा मी केलाय. इथं शिवण वाकडी गेलीय. त्या दिवशी दिवे गेले होते.” मग हात सोडला आणि पेरूत अळी आहे का विचारलं. त्या पोराचं नाव काय, त्याचं कसं चाललंय, काही नाही.

प्रकार ठरवल्याशिवाय त्या काहीच करत नसत. क्ष-किरणांची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून कितीही वेळ उभ्या राहायच्या. बाहेर रांग कुरकुरायची. आमचा एक डॉक्टर एकदा म्हणाला, “मॅडम, नाव काहीही असो, करायचं तर ऑपरेशनच ना?” त्यावर त्यांनी त्याला महिनाभर ऑपरेशनच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

लोकांना त्या दुष्ट वाटत. मलाही वाटत. अजूनही मला त्याबद्दल नक्की सांगता येत नाही.

खर्ड्याला आमचं शिबिर होतं. शाळेच्या वर्गात बाकं जोडून आम्ही बसलो होतो. जवळच्याच वस्तीवरची एक तरुण बाई पदराखाली मुलगा झाकून आली. बरोबर नवरा आणि सासू. पोराच्या हाताला मधलं बोटच नव्हतं. तळव्यापर्यंत खोल खाच आणि दोन्हीकडे दोन दोन बोटं. गावात त्याला खेकडा म्हणत. हे सासूनंच सांगितलं, जराही आवाज न उतरवता.

“गरोदर हुती तवा गिराण लागलं हुतं,” सासू म्हणाली. “मी बजावलं हुतं, इळीला हात लावू नको म्हनून. हिनं कांदा चिरला. त्याचं हे.”

सून खाली बघत राहिली. ते तिनं इतक्या वेळा ऐकलं असणार की आता तिलाही खरं वाटत होतं.

मॅडम पोराच्या पायाकडे बघत होत्या. पाय धड होते. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “बूट काढा.”

“माजे?”

“तुमचेच. मोजेही.”

“मला काय झालंय? आमी पोराला आनलंय.”

“काढा म्हटलं ना.”

त्यानं आईकडे बघितलं. सासू एकदम म्हणाली, “आवो, त्याचा पाय ल्हानपनी मळनी यंत्रात गेल्ता. त्याचा काय संबंध?”

वर्गात आणखी माणसं होती. सगळी माना वळवून बघायला लागली. नवऱ्यानं उजवा बूट काढला, मोजा काढला. पायाला मधली दोन बोटं नव्हती. तिथे तशीच खाच, पोराच्या हाताला होती तशी.

मॅडम खुर्चीतून उठून खाली बसल्या. खाचेतून अंगठा फिरवला. “मशिनने तुटलेल्या पायाला वण राहतो. इथं वण कुठाय? कातडी लोण्यासारखी आहे. हा पाय असाच जन्माला आलाय.” उठून त्यांनी सासूला विचारलं, “तुमच्या मालकांना होतं, का तुमच्या सासऱ्यांना?”

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. नवऱ्याच्या उघड्या पायाकडे पाहत एवढंच म्हणाली, “मळनी यंत्र?”

मला त्या क्षणी मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं. परतीच्या वाटेवर गाडीत मी तसं म्हणालेही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “मला बापाचा पाय बघायचा होता. त्यावरून पुढच्या मुलाला होईल की नाही ते ठरतं. कांदा-बिंदा मी ऐकलाच नाही.”

पुढचं ऐकलं ते ती बाई एकटीच पोराला घेऊन नगरला आली तेव्हा. शिबिरातून घरी गेल्यावर नवऱ्यानं तिला गोठ्यात नेऊन मारलं होतं. चारचौघांत त्याचा पाय उघडा पडला तो तिच्यामुळे, म्हणून. महिन्याभरात तिला माहेरी, जामखेडला, आणून सोडलं. दोष कांदा चिरण्याचा होता तोवर निदान ती त्या घरात होती. मॅडमनी पोराच्या हाताची खाच सुरेख मिटवली. मी त्यांना त्या बाईचं सगळं सांगितलं. त्या हात धूत होत्या.

“मी हाताला नाव दिलं,” त्या म्हणाल्या. “तिच्या नवऱ्याला नावं ठेवणं माझं काम नाही.”

पण हे सगळं सांगायला मी बसले आहे ते राजूरकडच्या समीक्षामुळे.

समीक्षा पहिल्यांदा आली तेव्हा दोन वर्षांची होती. राजूरच्या वर डोंगरात तिचं गाव. आई हिराबाई आणि आजोबा कोंडाजी तिला घेऊन आले होते. बाप गुजरातेत कंपनीत कामाला. पोरगी काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, वयाच्या मानानं लहानखुरी. पण त्या घरात सगळेच लहानखुरे होते. उजव्या हाताचा अंगठा बारीक होता. दिसायला पुरा अंगठाच, नख, पेर, सगळं असलेला. मॅडमनी तो दोन बोटांत धरून हलवला आणि सोडला. त्या मला म्हणाल्या, “तीन-बी.”

बारीक अंगठ्याचे जे प्रकार करतात, त्यात तिसऱ्याचे दोन भाग आहेत. तीन-ए मध्ये अंगठ्याच्या बुडाचा सांधा पक्का असतो, तेव्हा अंगठा ठेवायचा आणि सुधारायचा. तीन-बी मध्ये बुडाला सांधाच नसतो. अंगठा दिसतो, पण तो नुसता लटकलेला असतो. तो काढून टाकायचा आणि शेजारचं बोट फिरवून त्याच्या जागी बसवायचं. म्हणजे हाताला चार बोटं राहणार, पण पकड येणार. एका अक्षराचा फरक. एका अक्षरावर अंगठा राहतो, दुसऱ्यावर जातो.

कोंडाजींनी ऐकून घेतलं आणि पोरीचा हात आपल्या दोन्ही हातांत झाकला. “न्हाई. देवानं दिलेला आंगठा तुमी कापनार? आवो, माजा सगळा जनम आंगठ्यावर गेला. सोसायटी म्हना, रेशन म्हना, समदीकडं आंगठा.”

“म्हणून तर म्हणते. हिला सही करू द्या की,” मॅडम म्हणाल्या.

म्हातारा हसला नाही. मॅडमनी खिशातून भुईमुगाचा दाणा काढून टेबलावर ठेवला. समीक्षानं तो उचलला. पहिल्या आणि मधल्या बोटाच्या चिमटीत, सिगारेट धरतात तसा. पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच उचलला. अंगठा बाजूला लोंबत होता.

“पाहिलंत? तिनं त्या अंगठ्याला केव्हाच सोडून दिलंय. तुम्हीच धरून बसलाय.”

हिराबाई तो दाणा बघत राहिली. मग सासऱ्याला म्हणाली, “दादा, बाई म्हनत्यात ते खरं हाय. ही चमचा पन असाच धरती.”

ऑपरेशन झालं. ऑपरेशन झालेले पुष्कळ हात मी नंतर हाताळलेत, पण असा हात पुन्हा पाहिला नाही. पट्टी निघाल्यावर मी तिला चिमटी शिकवायला घेतली तर पंधरवड्यात ती माझ्याच टिकल्या माझ्या कपाळावरून काढायला लागली. बघणाऱ्याला बोटं मोजल्याशिवाय कळायचं नाही. मॅडमनी त्या हाताचे फोटो काढवून घेतले. मोठ्या परिषदेत दाखवले. हिराबाई तर त्यांचं नाव निघालं की हात जोडायची.

त्यातल्याच एका भेटीत तिनं बिचकत विचारलं होतं, “बाई, दुसरं पोर व्हऊ देऊ का? त्याला पन असंच व्हईल का?”

मॅडम तेव्हा पोरीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हा एकटा अंगठा आहे. याच्यामागे काही नाही. खुशाल होऊ द्या.”

मुलगा झाला. त्याला दाखवायला ती सगळी मंडळी राजूरहून नगरपर्यंत आली. मॅडमनी त्याचे दोन्ही हात तपासले. पक्के, धड, पाच पाच बोटं. कोंडाजींनी प्रत्येक बोटाची पापी घेतली.

समीक्षा दुसरीत गेली त्या वर्षी अंगावर निळे डाग उठायला लागले. शाळेत पोरं मारतात, असं घरच्यांना आधी वाटलं. मग नाकातून रक्त आलं आणि थांबेना. राजूरहून अकोले, अकोल्याहून नाशिक. तिथून हिराबाईचा मला फोन आला. मी मॅडमना सांगितलं. “प्लेटलेट किती?” त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “तिच्या आईला विचारा, पाठीवर किंवा कमरेवर तपकिरी डाग आहेत का. दुधाच्या चहासारखे.”

मी विचारलं. हिराबाई म्हणाली, “हायत की. जलमापासून. जलमखून हाय म्हनून आमी काय बोललो न्हाई. तुमी कवा इचारलंच न्हाई.”

रक्ताचा एक आजार आहे. त्यात हाडातला मगज हळूहळू रक्त बनवायचं सोडून देतो. काही मुलांत त्याची पहिली खूण अंगठ्यात दिसते. लहानपणी साधं रक्त तपासलं तर सगळं चांगलं येतं. वेगळी चाचणी करावी लागते, ती मुंबईला पाठवावी लागते. मॅडम ती चाचणी कितीतरी मुलांची करत. खर्ड्याच्या बापाचे मोजे काढायला लावणाऱ्या या बाईनं समीक्षाचा फ्रॉक वर करून पाठ पाहिली नव्हती. तीन-बी इतका स्वच्छ, इतका पुस्तकातल्यासारखा होता की त्या अंगठ्यापाशीच थांबल्या.

मगज बदलायचा तर भावाचा जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून भावाला तपासलं. आणि हात पाचही बोटांनी धड असलेल्या त्या पोराच्या रक्तात तोच आजार निघाला.

नाशिकच्या डॉक्टरांनी मॅडमना फोनवर कळवलं; ते घरच्यांना सांगायच्या आत मॅडम स्वतः नाशिकला गेल्या. मला बरोबर घेतलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर हिराबाई होती, मांडीवर मुलगा झोपलेला. कोंडाजी भिंतीला टेकून खाली बसलेले. बाप गुजरातेतून आला होता, तो उभा. मॅडम समोर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कुणाच्या पेशंटबद्दल बोलावं तशा बोलल्या.

“मुलालाही तोच आजार आहे. त्याचा मगज मुलीला चालणार नाही. त्यालाही पुढे लागेल. तुमचं लग्न नात्यातलं, म्हणजे अशा आजाराचा धोका जास्त, हे मला माहीत होतं. मुलीची चाचणी मी करायला पाहिजे होती. केली नाही. केली असती तर तुम्हाला दुसऱ्या मुलाआधी कळलं असतं. चूक माझी आहे.”

बापाला समजायला वेळ लागला. हिराबाईला लागला नाही.

“तुमी म्हनला हुता, खुशाल व्हऊ द्या.”

“हो.”

“वर बघितलं पन न्हाई तवा.”

“नाही बघितलं.”

“हा झाला तवा आमी पेढे आनले हुते. तुमी खाल्ला त्यातला.”

“खाल्ला,” मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी त्या खाली बसतील, तिच्या खांद्यावर हात ठेवतील, काही तरी बोलतील. त्या तशाच उभ्या राहिल्या. मुलगा झोपेत हालला आणि पांघरुणातून त्याचा हात बाहेर आला. मॅडमची नजर हातावर गेली, सवयीनं. हिराबाईनं ते पाहिलं आणि हात पदराखाली ओढून घेतला.

कोंडाजी इतकंच म्हणाले, “बाई, तुमी जा आता.”

समीक्षा पावसाळ्याआधी गेली. बाहेरच्या कुणाचा मगज जुळवायचं चाललं होतं, ते व्हायच्या आत ताप भरला आणि उतरला नाही. मॅडमनी मला न विचारता गाडी काढली आणि आम्ही तिच्या गावी गेलो. घरापर्यंत गाडी जात नाही. चढावर त्यांना दम लागला, पण थांबल्या नाहीत. हिराबाई अंगणात भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“मुलाचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासायला हवं,” मॅडम उभ्यानंच म्हणाल्या. “मी मुंबईत सगळं बोलून ठेवलंय. मी स्वतः नेईन.”

“नेऊ की आमी. नासिकला नेतोय,” हिराबाई म्हणाली. “तुमच्यासंगं न्हाई.”

“माझ्यासंगं नको. पण चुकवू नका.”

“तुमी शिकवू नका आता.”

सूप हालत राहिलं. कोंडा उडून मॅडमच्या कपड्यांवर बसत होता. पाणी कुणी विचारलं नाही. आम्ही उतरलो. गाडीत त्या रडतील असं मला वाटलं, पण संगमनेर येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. मग म्हणाल्या, “ती बरोबर बोलली.”

त्यानंतर मॅडम जास्तच वाईट झाल्या. आधी त्या फक्त तुटक बोलायच्या. आता पहिल्याच भेटीत आईबापांपुढे जे जे वाईट संभवतं ते सगळं मांडायच्या. हृदय, मूत्रपिंड, रक्त, पुढची मुलं. बाळाचं अंग पुरतं उघडं करून इंच न् इंच बघायच्या, बाळ थंडीनं कितीही रडो. अंगठ्याची नुसती कातडी चिकटलेलं बाळ घेऊन आलेली माणसं मरणाच्या गोष्टी ऐकून परत जात. पुष्कळ जण पुन्हा येत नसत. ट्रस्टच्या लोकांनी त्यांना समजावून पाहिलं. मीही एकदा म्हणाले, “मॅडम, थोडं सावकाश सांगितलं तर?” त्या म्हणाल्या, “सावकाश कुणासाठी? त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?”

मी पुढे पुण्याला गेले. मॅडमना शेवटचं पाहिलं ते नगरला, शिकाऊ डॉक्टरांच्या एका वर्गात. मी दुसऱ्याच कामाला आले होते. दार उघडं दिसलं म्हणून मागे जाऊन उभी राहिले. खोलीत अंधार केला होता आणि पडद्यावर एका लहान मुलीचा हात होता. चार बोटं, त्यातलं एक अंगठा झालेलं, आणि त्या चिमटीत शेंगदाणा. मी तो हात लगेच ओळखला. मॅडम पडद्याच्या कडेला काठी घेऊन उभ्या होत्या, केस पार पांढरे झालेले.

पुढच्या रांगेतली एक मुलगी न राहवून म्हणाली, “मॅडम, किती सुंदर रिझल्ट आहे!”

“आहे,” मॅडम म्हणाल्या. “प्रकार बरोबर ओळखला, ऑपरेशन उत्तम केलं, आणि मुलगी वारली. करणारी मी.”

एकाच्या हातातलं पेन खाली पडलं, ते त्यानं उचललं नाही.

“आता हीच मुलगी तुमच्याकडे पहिल्यांदा आलीय,” मॅडम म्हणाल्या. “दोन वर्षांची. पहिल्यांदा काय बघाल?”

मग मधल्या रांगेतून एका मुलानं चाचरत उत्तर दिलं, “अंगठा.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी पडद्यावर टेकवून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, त्याच आवाजात, पुढच्या मुलाला विचारला.